आसरा कुणी हलवल्या?

१

माझ्या पोराला, सम्यकला, जुळ्या मुली झाल्या, त्या सालातली ही गोष्ट. म्हणजे दोन हजार तेवीस. पोरींचं नामकरण ऐन भाद्रपदात होतं, तरी मांडवावर ताडपत्री टाकायची कुणाला आठवण झाली नाही. पाऊसच तसा होता. तळं त्या वर्षी अर्धंच भरलं.

आमचं गाव जांभळटाकळी. संभाजीनगरहून पैठणला जाणारी एसटी फाट्यावर सोडते, तिथून पुढं पायी. गावाच्या खालच्या अंगाला तळं आहे. त्याला सातबायांचं तळं म्हणतात, कारण त्याच्या काठावर आसरा मांडलेल्या आहेत. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. शेंदूर लावलेले सात दगड, नारळाएवढे, ओळीनं. धाकटी शेवटाला. चांगल्या सालात तळं भरलं की पाणी त्यांच्या पायाला लागायचं, आणि तिथून माघारी फिरायचं. त्याच्या वर पाणी चढलेलं कुणी पाहिलं नाही.

आसरांच्या खाली, पाण्यापर्यंत, चिबड जमीन आहे. चिबड म्हणजे पाय टाकला की पचकन आवाज येतो ती. तिथं पाणकणीस उगवतं, पाणकोंबड्या घरटी करतात आणि हिवाळ्यात कदंब हंस उतरतात. ते हिमालय ओलांडून येतात असं कळल्यापासून मी त्यांच्याकडं जरा अदबीनं बघतो.

मी रोज शेळ्या घेऊन तिकडं जातो. फक्त आसरांपुढून न्यायच्या नाहीत, अशी माझ्या वहिनीची ताकीद आहे. तिथं बाया बांगड्या वाहतात. त्या फुटतात आणि काचा शेळ्यांच्या खुरात जातात. मग वहिनी मलमपट्टी करते आणि शेळीला एक शब्द न बोलता मला चार बोलते.

दसरा होऊन गेला होता. सोमवारी सकाळी तळ्यावर गेलो आणि पाय जागीच थांबले. चिबडाच्या वरच्या अर्ध्या भागावर तांबडा मुरूम पसरला होता. कडेला जेसीबी उभा, त्याचा ड्रायव्हर आत झोपलेला. जिथं आसरा असायच्या तिथं मुरुमाशिवाय काही नव्हतं. मला वाटलं, गाडल्या.

तेवढ्यात खाली नजर गेली. लांब, पार पाण्याजवळ, गावातल्या बद्रीनाथनं हरभरा पेरला होता त्या पट्ट्यात, सातही जणी बसल्या होत्या. ओळीनं. धाकटी शेवटाला.

आणि परवा मोजणीचे साहेब येणार होते.

२

मोजणीची भानगड आधी सांगतो. संभाजीनगरात औरंगपुऱ्यात मंजुषा मॅडम राहतात. कॉलेजात शिकवतात आणि सुट्टीला आमच्याकडं पक्षी मोजायला येतात. आमचं तळं सरकारदप्तरी पाणथळ म्हणून लागावं, म्हणजे ते कुणाला बुजवता येणार नाही, यासाठी त्यांनी दोन वर्षं चपला झिजवल्या. एकदा देवळाच्या पारावर त्यांनी गावाला समजावलं होतं की, जगभर पाणथळी वाचवायचं काम चाललं आहे. कुठं माणसांनीच घातलेले बांध माणसंच फोडताहेत आणि दलदल परत आणताहेत. पाणथळ म्हणजे जमिनीच्या किडन्या, असं त्या म्हणाल्या.

माझी वहिनी चंपाबाई पुढंच बसली होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, रिटायर होऊनही जमाना झाला. तिला ते लगेच पटलं. म्हणाली, "मग डायलिसिस लागायच्या आत बघा काय ते."

अडचण एकच होती. तळ्यालगतची जमीन शिवराजची, आणि त्याच्या कागदात हद्द लिहिली होती ती 'तळ्याच्या काठापर्यंत' अशी. काठ कुठं, ते कुणी लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती, आसरा होत्या ना. आसरांच्या खाली तळं, वर शिवराज. आता आसराच खाली गेल्या म्हटल्यावर काठही खाली गेला, आणि चिबड शिवराजच्या ओटीत पडलं. शिवराज प्लॉट पाडून विकतो.

मी शेळ्या तशाच हाकलत घरी आलो आणि वहिनीला सांगितलं. माझा थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी आमच्याकडंच असते. घर तिच्या हुकमावर चालतं, आणि मलाही साठीत अक्षरं तिनंच गिरवायला लावली. तिनं चष्मा पुसला, चपला घातल्या आणि निघाली. जाता जाता म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कशाला हात तर नाय लावला?"

"मी कशाला लावू? तुम्हीच म्हणता, आपण आसरा मानत नाय."

"आसरा नाय मानत. पाणी मानते. चला."

आसरांपुढं ती गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि पेशंटला बघतात तशी बघत राहिली. मीही बघितलं. दगड नीट बसवलेले, प्रत्येकाखाली पळसाचं पान. पुढं नारळ, हळद, खणाचा तुकडा आणि पानावर दहीभात. दहीभात कावळ्यांनी बराच नेला होता, पण उरलेला पानाला खळीसारखा चिकटला होता. वहिनीनं बोटानं दाबून बघितला.

"शितं सापडत नायत बघा," ती म्हणाली. "आणि यात काय नाय, ते दिसतंय का तुम्हाला?"

मी म्हणालो, मीठ नसेल. तिनं माझ्याकडं बघितलं आणि चालायला लागली.

३

गाव तोवर पारावर जमलं होतं. गावाचा निकाल लागलेला होता. ज्याचा फायदा, त्याचा हात. शिवराजनंच केलं.

शिवराज मोटारसायकलवर बसून होता. गावात पन्नाशीच्या आतल्या सगळ्यांना वहिनीनं लहानपणी सुया टोचल्यात, त्यामुळं तिच्यापुढं खोटं बोलताना माणसं नकळत सरकून बसतात. शिवराज सरकला नाही. मुरूम मीच टाकला, तो म्हणाला, माझ्या जमिनीत टाकला, कुणाच्या बापाची भीती नाय. दगडांना मात्र हात लावला नाही. सोमवारी पहाटे जेसीबीच्या ड्रायव्हरला त्यानं बजावूनही ठेवलं होतं की आसरांना वळसा घाल. ड्रायव्हर आला तर तिथं आसराच नव्हत्या.

"मग तुला आश्चर्य नाय वाटलं?" वहिनीनं विचारलं.

"शिस्टर, देव स्वतःहून सरकला तर मी कशाला आडवा येऊ?"

लोक चिडले. पण त्याचं त्यालाच हसू येत होतं, आणि ते लपवायचं म्हटलं तरी त्याला लपवता आलं नसतं.

बद्रीनाथ तळ्याचं पाणी उतरेल तसा मागं मागं हरभरा पेरतो. तळं पाणथळ म्हणून लागलं तर आपली पेरणी बंद होईल, असं तो उघड बोलून दाखवायचा. त्यामुळं काहींची बोटं त्याच्याकडं गेली. तो रडकुंडीला आला होता. माझ्याच हरभऱ्यात देवी बसल्या, म्हणाला, आता तिथं पाय तरी कसा ठेवू? बायको म्हणते, पीक सोडून द्या.

मग शिवराजनं हळूच काडी टाकली. रविवारी संध्याकाळी साळूबाई तळ्यावर दिसली होती. ड्रायव्हर मुरमाची जागा बघायला आला होता, त्यानं पाहिली. हातात टोपलं होतं.

साळूबाई पाणकणसाच्या चटया विणते. नवरा गेल्यापासून घर त्यावरच चालतं. चिबड बुजलं तर तिच्या हातात विणायला काही राहणार नव्हतं. पारावर येऊन ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "टोपलं घेऊन गेले व्हय. पाणकणीस काय खिशात घालून आणू?" मग तिनं कमरेवरचे हात खाली सोडले. "मी आसरा खाली नेल्या असत्या तर माझंच चिबड घालवलं असतं ना रे बाबांनो."

खरं होतं. पण गावाला खऱ्याची फार घाई नसते. कुणी म्हणालं, बाईला काय कळतंय काठाचं, भीतीनं हलवल्या असतील. कुणी म्हणालं, बुधवारी साहेबांपुढं हिलाच उभी करू.

दुपारी वहिनी मला घेऊन शहरात गेली. मंजुषा मॅडमना झालं ते सांगितलं. त्यांनी मोबाइलवर वरून काढलेले नकाशे दाखवले, पण तळं भरतं तेव्हाच आभाळ भरलेलं असतं, त्यामुळं नेमक्या त्या महिन्यांत नुसते ढग दिसत होते. गावातल्या पोरांकडं आसरांचे फोटो होते, सगळे जवळून काढलेले. पूर्वीच्या जागेची खूण एकात नव्हती. जागा कुठं होती हे पारावर विचारलं, तर प्रत्येकानं वेगळीकडं हात केला आणि भांडणं लागली. मुरूम पसरल्यावर सगळं सारखंच दिसत होतं.

मॅडमचा चेहरा उतरला. साहेब पुरावा मागतील, त्या म्हणाल्या, आणि एकदा काठ लिहिला गेला की गेला.

परतताना औरंगपुऱ्याच्या गल्लीत वहिनी एका कासाराच्या दुकानापाशी थांबली आणि तिनं हिरव्या बांगड्या मागितल्या. कासारानं तिच्या हाताकडं बघितलं. तिच्या हातात हिरव्याच बांगड्या आहेत. भाऊ गेला तेव्हा बाया त्या फोडायला आल्या होत्या, तर तिनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

"माझ्या मापाच्या नको," वहिनी कासाराला म्हणाली. "हाडं राहिलीत, अशा हाताला बसतील त्या दे."

कुणाचा हात, ते तिनं मला सांगितलं नाही.

४

मंगळवारी सकाळी आम्ही शिवराजच्या घरी निघालो. शिवराजकडं नव्हे, त्याच्या आजीकडं. सत्यभामा आजी नव्वदीच्या घरातली. दिवसभर ओट्यावर बसते, तिथून तळं दिसतं.

वाटेत वहिनी बोलती झाली. "पूजेत काय नव्हतं सांगू? कुंकू नव्हतं, आणि बांगड्या नव्हत्या. आसरांची ओटी हिरव्या बांगड्यांशिवाय कुणी भरतं का?"

"विसरला असेल कुणी."

"नारळ, खण, हळद, दहीभात आठवतो आणि बांगड्या विसरतो? नाय. त्या माणसाला बांगड्यांना हात लावायची चोरी होती. शिवराजला असती तर बायकोनं हातात दिल्या असत्या. बद्रीनाथचंही तेच, आणि स्वतःच्या पेरणीत देव कोण आणून बसवतं? हे विधवेचं काम आहे, भाऊजी. आपल्याकडं बाईचा नवरा गेला की तिला कुंकवाच्या करंड्याला बोट लावू देत नायत."

"म्हणजे साळूबाईच की."

"साळूबाई पाणकणसाची पात दातात धरून सोलते. भाकरी कडाकडा खाते. तो भात बघितला ना तुम्ही? खळ झाली होती नुसती. तसा भात कुठल्या घरी शिजतो? ज्या घरात खाणाऱ्याला एक दात नाय."

मला पायाखालची वाट दिसेना. गावात बिनदाताच्या म्हाताऱ्या पुष्कळ, पण रोज आसरांना हात जोडणारी, विधवा, आणि कुणी संशय घेणार नाही अशी एकच होती.

आम्ही पोचलो तेव्हा आजी तुळशीला पाणी घालत होती. मग ती तळ्याकडं तोंड करून उभी राहिली आणि हात जोडले. सरळ समोर, वाकडी बाभूळ आहे तिकडं. जरा थांबली. मग जीभ चावावी तसं करून डावीकडं, पाण्याच्या बाजूला वळली आणि पुन्हा हात जोडले. वहिनीनं मला कोपर मारलं. का मारलं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

चहा आला. पूर्वी या घरी आमचा कप कोनाड्यात वेगळा असायचा. आता नसतो. चहा मात्र पूर्वीइतकाच पातळ.

वहिनीनं आजीचा हात धरला, नाडी बघायच्या निमित्तानं. अंगठा आणि बोट मनगटाभोवती फिरवून ती हळू म्हणाली, "आत्याबाई, सात दगड ओटीत घालून न्यायचे म्हणजे दम लागला असंल."

आजीनं तळ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "एकेक नेला. बसत बसत."

"कशाला?"

"शिवराज फोनवर बोलत होता. सोमवारी चिबडावर मुरूम टाका म्हणाला. मला वाटलं, बायांना गाडतोय. नातवाला म्हणाले असते तर हसला असता, आणि गावाला सांगितलं असतं तर त्याच्या तंगड्या मोडल्या असत्या." तिनं पदर डोळ्याला लावला. "त्यांना पाणी लागतं, चंपाबाई. म्हणून पाण्यापाशी नेऊन बसवलं. माझं काही चुकलं का?"

चुकलं होतं, आणि ते किती मोठं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. देवी वाचवायला गेलेल्या बाईनं तळ्याचा एकुलता साक्षीदार हलवला होता. आता खरं सांगायचं तर तिला साहेबांपुढं उभं राहून नातवाविरुद्ध बोलावं लागणार होतं. नाही सांगायचं तर साळूबाई अडकणार आणि चिबड जाणार होतं.

"नाय चुकलं," वहिनी म्हणाली.

घरी येताना मी विचारलं की, आता आजीला बोलायला कसं लावणार?

"आजीला नाय लावायचं," वहिनी म्हणाली. "जमिनीला लावायचं."

५

बुधवारी साहेब आले. भला माणूस होता, पण नियमाचा. मंजुषा मॅडमनी सगळं मांडलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की आसरा जिथं दिसतात तिथंच ते काठ लिहिणार. आधी कुठं होत्या, हे नुसत्या तोंडी सांगण्यावर कसं लिहायचं? शिवराज गालातल्या गालात हसत होता. साळूबाई मागं उभी होती आणि बोटं मोडत होती.

वहिनी पुढं झाली. "साहेब, देव हलवता येतो. देवापुढं वाहिलेलं हलवता येत नाय."

मग तिनं मला सत्यभामा आजीच्या ओट्यावर पाठवलं आणि आजी हात जोडते तिथं उभं राहायला सांगितलं. मी माझा निळा रुमाल हातात घेऊन उभा. समोर वाकडी बाभूळ. वहिनी बाभळीच्या पलीकडं मुरमावर चालत होती, आणि ती रेषेतून ढळली की मी रुमाल हलवायचा. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. एवढा मान मला सम्यकच्या लग्नातही मिळाला नव्हता.

त्या रेषेवर चिबडाच्या वरच्या कडेला वहिनी थांबली. "इथं उकरा."

साहेबांनी शिवराजच्याच जेसीबीला मुरूम बाजूला करायला लावला. खालची काळी माती दिसल्यावर साळूबाई खुरपं घेऊन बसली. मी ओट्यावरून धावत आलो. पहिल्या दोन ठिकाणी काही निघालं नाही. शिवराज म्हणाला, गाव खणायचा विचार आहे काय? तिसऱ्या ठिकाणी खुरप्याला कर्र असा आवाज आला.

काच. हिरवी काच.

आधी बारीक तुकडे, परवापरवाच्या बांगड्यांचे. त्याखाली जाड काचेचे, जुने. त्याखाली मातीच्या रंगाचे लाखेचे तुकडे, आमच्या आजीच्या आजीनं घातल्या असतील तसल्या बांगड्यांचे. गावात आलेल्या एकूण एक सुनेचा हात त्या खड्ड्यात होता. मला माझ्या शेळ्यांची खुरं आठवली आणि वहिनीचं चार बोलणंही.

मंजुषा मॅडम मातीत गुडघे टेकून बसल्या होत्या. काचांमधून त्यांनी पांढरे बारीक शंख वेचून साहेबांच्या तळहातावर ठेवले. पाण्यातल्या गोगलगायींचे आहेत, त्या म्हणाल्या. वर हातभर सरकून खणलं तर तिथं एकही नव्हता. म्हणजे देवी इथं होत्या हे काचा सांगत होत्या, आणि पाणी इथवर येत होतं हे शंख.

मग साहेबांनी पाण्याजवळच्या आसरांखालीही उकरायला लावलं. तिथं बद्रीनाथच्या हरभऱ्याची मुळं तेवढी निघाली.

साहेबांनी काठ लिहिला. जुन्या जागी.

शिवराजचा चेहरा पडला होता. त्यानं वळून गावाला विचारलं, "काठ घ्या तुमचा. पण देव हलवले कुणी, ते तरी सांगा. दोन दिवस मला चोर म्हणताय."

"चोरायला नव्हते हलवले," वहिनी म्हणाली. "कुणी तरी वाचवायला हलवले. मुरमापासून."

तेवढ्यात सत्यभामा आजी काठी टेकत तिथवर आली होती. तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या. सकाळी वहिनीनं भरल्या होत्या, आणि त्या अगदी बेतानं बसल्या होत्या. गावातल्या बाया बघत राहिल्या. शिवराजनं आजीच्या हाताकडं बघितलं, मग त्या सात दगडांकडं, मग पुन्हा हाताकडं. त्याला जे कळायचं ते कळलं. प्लॉटवाला असला तरी आजीच्या मांडीवर वाढलेला होता तो.

"शिस्टर," तो हळू म्हणाला, "मला पुढचं विचारायचं नाय."

"नको विचारू. मुरूम उचल."

त्यानं ड्रायव्हरला हाक मारली.

६

आसरा परत नेल्या त्या सत्यभामा आजीनंच. एकेक दगड बद्रीनाथ उचलून द्यायचा आणि आजी बसवायची. धाकटी शेवटाला. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा तिनं कुंकवाला बोट लावलं आणि बांगड्या वाहिल्या. एक-दोन बाया कुजबुजल्या. वहिनीनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. त्यांना बहुतेक सुई आठवली असावी.

मंजुषा मॅडमनी गावाकडून चिबडात पाणकणीस पुन्हा लावून घेतलं. कोणतं कुठं लावायचं ते साळूबाई आणि मॅडम भांडत ठरवायच्या, आणि भांडण बहुतेक वेळा बरोबरीत सुटायचं. साळूबाईच्या चटया आता शहरातले लोक फाट्यावरून येऊन नेतात. बद्रीनाथ हरभरा वर, स्वतःच्या रानात पेरतो. शिवराजनं बाभळीखाली चहाची टपरी टाकली आहे. हंस बघायला आलेल्या लोकांना तो दुर्बीण भाड्यानं देतो आणि हंस मंगोलियातून कसे येतात ते असं सांगतो की जणू फाट्यावरून त्यानंच आणलेत. चहा पातळ असतो. ते घराण्यातलंच आहे.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. भाद्रपदात तळं भरत भरत वर आलं, आणि एका सकाळी मी शेळ्या घेऊन गेलो तर पाणी सातही जणींच्या पायाला लागलं होतं आणि तिथंच थांबलं होतं. मी परत फिरलो आणि आजीला सांगितलं. ती ओट्यावरून उठली, सरळ समोर बाभळीकडं हात जोडले आणि या खेपेला डावीकडं वळली नाही.

सत्यभामा आजी त्याच भाद्रपदात, दोन हजार चोवीसच्या सप्टेंबरात, सकाळच्या वेळी ओट्यावर बसल्या जागी वारली. बांगड्या तिच्या हातात होत्या.